भाऊ (वय 16) व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलाय. पुन्हा गांजा-सोल्युशनकडे वळू नये म्हणून घरी काय करावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुम्ही नाशिकच्या सिडकोत राहता, भाऊ दीड वर्ष गांजा ओढायचा, अधूनमधून पंक्चरचं सोल्युशन हुंगायचा, 40 दिवस केंद्रात राहून गेल्या आठवड्यात घरी आला. आता अकरावीचं कॉलेज आणि कॉलेज रोडचा क्लास सुरू होईल. आई-बाबा म्हणतात सुटलं, तुम्हाला तसं वाटत नाही. तलफ आली तर त्याने काय करायचं, घरात काय जपायचं आणि मोबाइल परत द्यायचा का, असं तुम्ही विचारलंय. किशोरवयीन मुलांच्या व्यसनमुक्तीचं काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमची शंका रास्त आहे. 40 दिवसांत अंगातली नशा उतरते, सवय उतरत नाही. केंद्रात टपरी नव्हती, जुने मित्र नव्हते, रिकामी संध्याकाळ नव्हती. घरी तिन्ही समोर आहेत. शिवाय मोह आवरणारा मेंदूचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. त्यामुळे 'मनावर ताबा ठेव' म्हणून सोळाव्या वर्षी फारसं काही होत नाही. आधी ठरवून, सराव करून ठेवलेली कृती मात्र उपयोगी पडते.

सुरुवात सोल्युशनपासून करतो, कारण तिथे जीव अचानक जातो. सोल्युशन, थिनर यांत टोल्युइनसारखे द्रावक असतात. ते हुंगल्यावर हृदय अॅड्रेनॅलिनला, म्हणजे घाबरल्यावर किंवा पळताना अंगात सुटणाऱ्या संप्रेरकाला, फार संवेदनशील होतं. अशा वेळी कोणी ओरडलं, मारलं किंवा मागे धावलं, तर ठोके बिघडून मुलगा जागीच कोसळू शकतो. पहिल्यांदा हुंगणाराही यातून जाऊ शकतो. म्हणून कधी तो रुमालासकट सापडलाच, तर आवाज खाली ठेवा. खिडक्या उघडा, रुमाल हळूच बाजूला करा, त्याला बसवा, जवळपास काडी किंवा गॅस पेटवू देऊ नका. बोलणं दुसऱ्या दिवशी. बेशुद्ध झाला आणि श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा. श्वास थांबला असेल तर फोन चालू ठेवूनच छाती दाबायला सुरुवात करा. तोंडात पाणी घालू नका, कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका.

घरातलं नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर, व्हाइटनर, सोल्युशनची ट्यूब, डिओचे स्प्रे आजच बाहेर काढा. दिवाळीआधी रंगकाम निघालं तर ते दिवस त्याला मामाकडे किंवा आत्याकडे पाठवा. हे बहुतेक घरांत सुचतच नाही, आणि त्या वासाने तलफ उसळते.

आता तलफ. तिला खतपाणी मिळालं नाही तर ती चढते, टोकाला जाते आणि साधारण 15 ते 30 मिनिटांत ओसरते. मुलांना वाटतं की ओढल्याशिवाय ती जाणारच नाही. तिला शून्य ते दहा गुण द्यायला शिकवा आणि दर पाच मिनिटांनी पुन्हा गुण द्यायला सांगा. आकडा आठवरून पाचवर येताना एकदा स्वतः पाहिला की त्याचा विश्वास बसतो. त्या वेळात करायचं ते असं. आधी जागा सोडायची, कट्ट्यावर असेल तर चालू लागायचं. तोंडावर गार पाणी मारायचं. मग चार मोजत नाकाने श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. श्वास संथ हवा. जोरजोरात खोल श्वास घेतले तर चक्कर येते, आणि सोल्युशन हुंगलेल्या मुलाला तीच चक्कर नशेची आठवण करून देऊ शकते. त्यानंतर काहीतरी खायचं, केळं किंवा चिक्की, कारण रिकाम्या पोटी चिडचिड आणि तलफ वेगळी ओळखता येत नाही. शेवटी ठरलेल्या तिघांपैकी एकाला फोन.

हे तिघं कोण, ते त्यानेच निवडावं. तुम्ही एक असाल तर फोनवर फक्त 'कुठे आहेस, किती गुण, मी येऊ का' एवढंच विचारा. त्या क्षणी 'पुन्हा तेच?' म्हणालात तर पुढचा फोन येणार नाही. माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट हीच. तुमच्या घरात खरं सांगणं लपवण्यापेक्षा स्वस्त पडलं पाहिजे. आई-बाबांशीही हे आधी बोलून घ्या, आणि बाबा हात उचलणार नाहीत हे नक्की करा.

योजना एका कार्डावर त्याच्या हातानं लिहून मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवा. तलफ नसताना रोज एकदा सराव हवा. बहुतेक मुलं पहिला प्रयत्न थेट तलफेच्या टोकाला करतात आणि 'याने काही होत नाही' म्हणून सोडून देतात.

नकाराचाही सराव लागतो. 'आज नको' म्हटलं की समोरचा उद्या विचारतो. 'मी सोडलंय' म्हटलं की वाद आणि चेष्टा सुरू होते. 'नाही, माझी लघवीची तपासणी होते', एवढं बोलून पाय उचलायचे. तुम्ही त्याचा मित्र बना, चिडवा, आग्रह करा, आणि त्याला दहा वेळा मोठ्याने म्हणायला लावा. पहिल्या दोन-तीन वेळा हसेल, हसू द्या. तपासणीवर मात्र आंधळा विश्वास नको. रोज गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत तो काही आठवडे सापडू शकतो, पण सोल्युशन नेहमीच्या किटवर दिसत नाही. तपासणी करायची तर त्याला सांगून, डॉक्टरांच्या सल्ल्याने.

दिवसातला अवघड काळ म्हणजे क्लास सुटल्यापासून जेवणापर्यंतचा. क्लासचा रस्ता त्याच्याबरोबर एकदा चालून बघा, कुठली टपरी, कुठला कोपरा टाळायचा ते त्यालाच दाखवू द्या. दुसऱ्या रस्त्याने दहा मिनिटं जास्त लागली तरी चालतील. त्या वेळात दम लागेल असं काहीतरी हवं. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर 40 मिनिटं धावणं, सायकल, कबड्डी, काहीही. रविवारी रामशेज किंवा पांडवलेणी. व्यायामाने झोपही सुधारते, आणि गांजा सुटल्यावर सगळ्यात जास्त छळते ती झोपच. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे चिडचिड, भूक मंदावणं, तुटक झोप असं असतं. ते ओसरलं तरी विचित्र, ठळक स्वप्नं मागे राहू शकतात. स्वप्नात नशा केली म्हणून तो घाबरला तर सांगा की हे सुटणाऱ्यांना होतं. उठण्याची वेळ रोज एकच, सुट्टीलाही. चार वाजल्यानंतर चहा-कॉफी बंद. मेडिकलमधून झोपेची गोळी चुकूनही आणू नका, एका सवयीच्या जागी दुसरी लागते.

मावा आणि सिगारेटकडे घरचे दुर्लक्ष करतात, 'निदान गांजा तरी नाही' म्हणून. मला हे अजिबात पटत नाही. तीच टपरी, तीच मंडळी, तोच हात तोंडाकडे जाण्याचा सराव. तंबाखूही याच वेळी सोडवा, डॉक्टरांना त्यावरचे उपचार विचारा. रंगपंचमी, गणपतीतलं ढोलपथक, थर्टी फर्स्ट हे दिवस आधी बसून ठरवा. कोणाबरोबर, किती वाजेपर्यंत, आणायला कोण जाणार. पहिल्या वर्षी रंगपंचमीला रहाडीवर (रंगाच्या पाण्याच्या हौदावर) गेला तर घरच्यांबरोबरच जावा.

आणि तरीही एखाद्या दिवशी घसरला तर? काय घेतलं, किती, कधी, एवढंच विचारा आणि शक्यतो 24 तासांत डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला कळवा. एका घसरणीने आधीचे दिवस पुसले जात नाहीत. लगेच पुन्हा केंद्रात टाकण्याची घाई नको. पण एक धोका त्याला आत्ताच समजावून सांगा. खंडानंतर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. कोडिनचं खोकल्याचं औषध किंवा अफूजन्य गोळ्या कधी घेतल्या असतील, तर तेव्हाचं प्रमाण आता श्वास बंद पाडू शकतं. ओठ निळसर, श्वास फार संथ, घोरल्यासारखा घरघराट, हलवून जाग येत नाही, अशा वेळी 'झोपू दे, उतरेल' म्हणू नका. 108.

तो गप्प होत असेल, 'जगण्यात काही नाही' असं बोलत असेल, तर मरणाचे विचार येतात का, ते सरळ विचारा. विचारल्याने ते विचार मनात घुसत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर, 14416 वर, मराठीत बोलता येतं, व्यसनासाठी 14446 आहे, आणि त्र्यंबक रोडच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचाराचा विभाग आहे. दुसरं केंद्र बघायची वेळ आलीच तर 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातल्या तरतुदी लक्षात ठेवा. अल्पवयीन मुलाला प्रौढ रुग्णांपासून वेगळं ठेवावं लागतं, पूर्ण काळ घरचं माणूस सोबत राहण्याची तरतूद आहे, आणि साखळीने बांधायला बंदी आहे. भेटू न देणाऱ्या ठिकाणी त्याला ठेवू नका.

मोबाइल द्या. कायमचा काढून घेतला तर तो मित्राचा वापरेल, आणि तलफेच्या वेळी तुम्हाला फोन कशावरून करणार? नवीन नंबर घ्या, जुने ग्रुप आणि माल देणाऱ्यांचे नंबर त्याच्याच हाताने काढायला लावा. पहिले तीन महिने यूपीआय बंद, रोजच्या खर्चापुरते पैसे रोख. रात्री साडेदहाला फोन हॉलमध्ये चार्जिंगला, घरातल्या सगळ्यांचेच.