रेझिन बसवलं की टीडीएस उतरतो का?

प्रश्न : रत्नागिरीत आमचं कोळंबी आणि म्हाकूल साफ करून फ्रीझ करायचं छोटं युनिट आहे. ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) व्यवस्थित चालतो, बीओडी-सीओडी (सांडपाण्यातल्या सेंद्रिय घाणीची मापं) लिमिटमध्ये येतात पण टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) काही केल्या लिटरमागे ४००० मिलिग्रॅमच्या खाली येत नाही आणि प्रदूषण मंडळाच्या कन्सेंटमध्ये (परवान्यात) २१०० लिहिलंय. एक सप्लायर म्हणतो रेझिनचा (क्षार धरणाऱ्या बारीक मण्यांचा) सॉफ्टनर लावा, निम्मा होईल. लावू का? ते पाणी पुढे हापूसच्या कलमांना सोडायचा विचार आहे.

उत्तर : टीडीएससाठी सॉफ्टनर अजिबात लावू नका. सॉफ्टनरमधलं रेझिन पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि त्या बदल्यात सोडियम सोडतं, म्हणजे क्षार गेले कुठेच नाहीत, नुसती अदलाबदल झाली, आणि वजनाने बघाल तर २० ग्रॅम कॅल्शियमच्या जागी २३ ग्रॅम सोडियम येतं म्हणजे टीडीएस थोडा वाढतोच. वर ते रेझिन परत चालू करायला मिठाचंच पाणी लागतं आणि ते धुवण परत तुमच्याच टाकीत जाणार. कलमांना तर हे पाणी आणखी वाईट, आंब्याला खारटपणा सोसत नाही.

आता खरोखर टीडीएस उतरवणारं आयन एक्स्चेंज (रेझिनवरची अशी अदलाबदल) असतं का, तर असतं. त्याला दोन कॉलम लागतात, पहिला सोडियम वगैरे धरून हायड्रोजन सोडतो, दुसरा क्लोराइड धरून हायड्रॉक्सिल सोडतो, दोघांचं मिळून पाणी होतं. (फक्त पहिल्या कॉलमनंतर टीडीएस मीटर लावलात तर आकडा वर गेलेला दिसेल, कारण मीटर मोजतो वीजवहन आणि आम्लातून वीज जास्त वाहते. घाबरू नका.) पण रेझिन भरलं की पहिलं ॲसिडने आणि दुसरं कॉस्टिक सोड्याने धुवावं लागतं, आणि खरी गोम इथेच आहे. तुमचा ४००० टीडीएस सगळा मीठच आहे असं धरू, मासळीच्या युनिटमध्ये बहुतेक तसंच असतं. १००० लिटर पाण्यात ४ किलो मीठ. ते धरायला साधारण ७० लिटर कॅटायन रेझिन (पहिल्या कॉलममधलं) एका फेरीतच भरून जातं. ते धुवायला शुद्ध धरलं तर अडीच किलो हायड्रोक्लोरिक ॲसिड पुरायला हवं, पण प्रत्यक्षात जवळपास दुप्पट लागतं, म्हणजे ५ किलो, आणि कॉस्टिक साडेपाच किलोच्या आसपास. सगळं धुवण एकत्र करून न्यूट्रल केलं की (ॲसिड आणि कॉस्टिक मिळूनही मीठच होतं) त्यात मीठ किती असतं? १२ किलो! चार किलो काढायला गेलो आणि बारा किलो करून बसलो, हे आधी सांगितल्याशिवाय कुणी प्लांट विकत असेल तर मला त्याचा मनापासून राग येतो कारण ते बारा किलो शेवटी कुणाच्या तरी विहिरीत नाहीतर खाडीत जातात. आपला जांभा तर पाणी धरून ठेवत नाही, पावसाळ्यात सगळं खाली झिरपतं. शिवाय मासळीचं प्रोटीन आणि तेल बसून ॲनायन रेझिन (दुसऱ्या कॉलममधलं) लवकर खराब होतं ते वेगळंच.

म्हणून आधी खर्च मोजण्यावर करा. बोअरचं येणारं पाणी तपासा, खाडीकाठच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात हे तुम्हाला सांगायला नको. समुद्राच्या पाण्याचा टीडीएस ३५,००० च्या आसपास असतो, तेव्हा दहा लिटरात एक लिटर जरी कुठून मिसळत असलं तरी ३५०० तिथेच झाला. मग मीठ लावायच्या टाक्यांचं पाणी वेगळ्या पाइपने काढा, ईटीपीत सोडूच नका, जमिनीवर सांडलेलं मीठ धुवायच्या आधी झाडून उचला. बऱ्याच ठिकाणी एवढ्यानेच आकडा खूप खाली येतो. तरीही उरला तर आरओ (मेम्ब्रेन म्हणजे बारीक पडद्यातून पाणी गाळून क्षार वेगळे करणं), आणि आरओच्या आधी मेम्ब्रेनवर क्षारांचा थर धरू नये म्हणून सॉफ्टनर हे मात्र चालतं. आरओचं रिजेक्ट (मागे उरलेलं खारट पाणी) कुठे जाणार हे मशीन घ्यायच्या आधी ठरवा, ७० टक्के पाणी काढलंत तर उरलेल्याचा टीडीएस १३,००० च्या घरात जातो.

प्रश्न : लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचं निकेल प्लेटिंगचं काम आहे. मग आमच्याकडेही रेझिन फुकटच का?

उत्तर : नाही, तुमच्याकडे ते खरंच उपयोगाचं. रिन्सच्या (प्लेटिंगनंतर धुवायच्या) पाण्यात निकेल थोडं असतं आणि चिलेटिंग (धातू निवडून घट्ट पकडणारं) रेझिन सोडियमच्या गर्दीतूनही तेवढं निकेल वेचून घेतं, मग सल्फ्युरिक ॲसिडने धुतलं की घट्ट निकेल सल्फेट हाताशी येतं. टीडीएसचा आकडा त्याने फारसा हलणार नाही कारण त्यात निकेलचा वाटा मुळात लहान, पण विषारी धातू बाहेर जात नाही. फक्त सायनाइडची लाइन असेल तर ती पूर्ण वेगळी ठेवा, ॲसिड आणि सायनाइड एकत्र आले तर जीवघेणा गॅस होतो, एकाच पिटमध्ये दोन्ही सोडू नका.