एका करारापेक्षा चार कागद बरे

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. लग्नाला तीन वर्षे झाल्यावर पैशाअडक्याचे सारे लेखी करून ठेवावे असे तुम्हा दोघांना वाटले, हे वाचून बरे वाटले. मात्र 500 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर मजकूर टाइप करून नोटरीचा शिक्का मारला की विवाहोत्तर करार पक्का होतो, असे ज्याने तुला सांगितले त्याची माहिती अर्धवट आहे.

नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक मानणारी व्यवस्था आपल्याकडे गोव्यात आहे, ती 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे. आणि वेगळे काही ठरवायचे असेल तर तिथेही करार लग्नाआधीच करावा लागतो. मुंबईत दस्तावर ज्याचे नाव त्याची मालमत्ता, असा ढोबळ हिशेब चालतो. तुमचा करार इथे 1872 च्या करार कायद्यावरच घासून पाहिला जाईल, आणि सार्वजनिक धोरणाविरुद्धचे कलम न्यायालय मानत नाही. म्हणून ‘भविष्यात विभक्त झाल्यास पोटगी मागणार नाही’ हे मसुद्यातले वाक्य आधी काढून टाक. ते टिकणार नाही, आणि खरे सांगायचे तर शोभतही नाही.

त्याच कायद्याचे कलम 25 फारसे कोणी वाचत नाही. मोबदल्याशिवाय दिलेले वचन एरवी रद्दबातल असते. परंतु जवळच्या नातलगांनी स्वाभाविक प्रेमापोटी ते लेखी दिले आणि नोंदवले, तर ते चालते. 1900 साली कलकत्त्याच्या उच्च न्यायालयापुढे राजलखी देवी विरुद्ध भूतनाथ मुखर्जी हा खटला आला होता. पत्नीला वेगळे राहण्यासाठी दरमहा ठरावीक रक्कम देण्याचे पतीने नोंदणीकृत दस्ताने कबूल केले होते, पण त्याच दस्तात दोघांच्या भांडणांचा उल्लेख होता. तेव्हा यात प्रेम कुठले, असे म्हणून न्यायालयाने तो दस्त अमान्य केला. तुमच्यात आज भांडण नाही, म्हणूनच आजचा दिवस अशा लिखाणाला योग्य आहे.

आता मुलुंडच्या घराकडे येतो, कारण तुझ्या पत्रातले खरे दुखणे तिथे आहे. खरेदीदार केवळ स्त्री असेल तर महाराष्ट्रात 1 एप्रिल 2021 पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. ती घेण्यासाठी तुम्ही दीड कोटीचा फ्लॅट एकट्या सूनबाईंच्या नावावर घेतला आणि दीड लाख वाचवले. कर्जाचा हप्ता मात्र तुझ्या पगारातून जातो. तू सहकर्जदार आहेस, मालक नाहीस, त्यामुळे जुन्या करप्रणालीत राहूनही गृहकर्जाच्या व्याजाची वजावट तुला मागता येत नाही. दीड लाखाच्या मोहात हे तुम्हाला कोणी सांगितले नाही, याचे मला नवल वाटत नाही.

यावर उपाय आहे. सूनबाईंची मनापासून तयारी असेल तर त्या घरातला हिस्सा तुला नोंदणीकृत बक्षीसपत्राने देऊ शकतात. राहत्या घरासाठी पती-पत्नीतील अशा दस्ताला मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे, त्यावरचे अधिभार दुय्यम निबंधकांकडे आधी विचारून घे. बँकेची लेखी संमती लागेल आणि सोसायटीत शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवावे लागेल. मात्र बक्षीस सहसा परत घेता येत नाही, तेव्हा त्यांच्यावर कसलाही दबाव येऊ देऊ नकोस. शिवाय पहिल्या भरण्यासाठी त्यांचे दागिने मोडले आहेत. ते स्त्रीधन होते, त्यावर अधिकार त्यांचाच. सराफाची पावती, वजन आणि रक्कम हे सगळे कागदावर आले पाहिजे.

तुझ्या वडिलांनी निवृत्तीच्या पैशातून दिलेले वीस लाखही असेच अधांतरी आहेत. ते कर्ज की भेट, आणि भेट असेल तर ती तुला एकट्याला की दोघांना, हे त्यांच्याकडून सहीनिशी एका पानावर लिहून घे. बाप-लेकाच्या व्यवहारात कागद कशाला, असे ते म्हणतील. तेव्हा माझे नाव सांग.

नामनिर्देशनाबाबत माझीच फजिती ऐक. तीस वर्षे लोकांचे हिशेब तपासले, आणि निवृत्तीच्या वेळी लक्षात आले की माझ्या भविष्यनिर्वाह निधीवर आईचेच नाव राहिले होते. त्या योजनेत लग्नापूर्वीचे नामनिर्देशन लग्नानंतर अवैध ठरते आणि नवे द्यावे लागते. बँक आणि शेअर यांत नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे स्वीकारतो, मालकी वारसांची राहते. शेअरबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितले. तू इच्छापत्र न करता गेलास, आणि मूल नसेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तुझे जे आहे ते आई आणि पत्नी यांच्यात समान वाटले जाईल. तुला तसे नको असेल तर इच्छापत्र लिही. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. स्टॅम्प लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. नवी मुदत विमा पॉलिसी घेशील ती 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घे, म्हणजे ती रक्कम सूनबाईंसाठी विश्वस्त निधी होते आणि तुझ्या सावकारांना तिच्यावर हात टाकता येत नाही. ही निवड अर्ज भरतानाच करायची असते.

एवढे झाल्यावर तुमच्या करारात उरते ते कोणी किती भरले याची नोंद आणि घरखर्चाची वाटणी. त्यासाठी एक नमुना तयारच आहे. रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालाने पोटगीच्या दाव्यात दोन्ही पक्षांना मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र सक्तीचे केले. जी कुटुंबे वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात पोहोचतात ती हा तक्ता वैतागून भरतात. तुम्ही तो जेवणाच्या टेबलावर बसून भरा आणि दर एप्रिलमध्ये ताजा करा.

येत्या रविवारी दादरला ये. इंडेक्स टू (घराच्या खरेदीचा नोंदणी कार्यालयातला उतारा), कर्जाचे मंजुरीपत्र आणि सराफाची पावती आण. सूनबाईंना बरोबर घेऊन ये, कारण निम्मे प्रश्न मला त्यांना विचारायचे आहेत, तेही तू गॅलरीत उभा असताना.

तुझा,
काका