गिऱ्हाईक 'तुम्ही ऐकतच नाही' म्हणतं तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत घरची फाउंड्री (लोखंडाच्या ओतकामाचा कारखाना), आतलं शॉप वडील बघतात, गिऱ्हाइकं आणि डिस्पॅच तुमच्याकडं. पुण्याच्या एका गिऱ्हाइकानं तोंडावर सांगितलं, की तुमच्याशी बोलून उपयोग होत नाही. आत शॉपवरची माणसं 'हो' म्हणतात आणि वेगळंच करतात. म्हणून बोलण्याचा आणि इंग्रजीचा चांगला कोर्स सुचवा, असं तुम्ही विचारलंय.

कोर्सचं शेवटी सांगतो. तुम्ही लिहिलेलं सगळं वाचून माझं मत असं झालं, की तुम्हाला बोलता येतं. समोरच्याचं म्हणणं नीट कळलंय का, हे तपासायची सवय मात्र अजून लागलेली नाही. त्यानं सांगितलेलं आपल्या शब्दांत त्यालाच परत सांगायचं, तो 'बरोबर' म्हणाला की मगच उत्तर द्यायचं. एवढं जमलं तरी तुमच्या फोनवरची बरीच वादावादी थांबेल.

तुम्हीच दिलेलं उदाहरण घेऊ. तिकडून तक्रार आली, 'मटेरियल हार्ड येतंय, इन्सर्ट (मशीनवरच्या कापणाऱ्या हत्याराची टोकं) तुटतायत.' तुम्ही म्हणालात, 'साहेब, रिपोर्ट ओके आहे, एफजी 260 च दिलंय.' (ही बिडाची ठरलेली ग्रेड.) आता बघा, दोघंही खरंच बोलत होतात. टेस्ट बार, म्हणजे ताकद तपासायचा दांडा, 30 मिलिमीटर व्यासाचा, वेगळा ओतलेला, तो सावकाश थंड होतो. त्याची ताकद ग्रेडमध्ये बसली म्हणजे त्या बारपुरतं सगळं ठीक. कास्टिंगची (ओतलेल्या नगाची) पातळ फ्लँज, म्हणजे बाहेर आलेली कड, मात्र साच्यात झटकन थंड होते. तिथं ग्राफाइट सुटायला वेळ मिळाला नाही, की फार कडक असं कार्बाइड तयार होतं आणि तेवढाच भाग इन्सर्ट तोडतो. म्हणजे रिपोर्ट बरोबर असूनही तक्रार बरोबर असू शकते. पण 'रिपोर्ट ओके' म्हटल्यावर त्या माणसाला वाटलं, हा मला खोटं पाडतोय. तिथून पुढं धातूचा विषय बाजूला राहिला आणि तुमचाच विषय सुरू झाला.

तोच फोन असा घेऊन बघा.

'कुठल्या ऑपरेशनला तुटतोय?'
'टर्निंगला, फ्लँजच्या कडेला.'
'सगळ्याच नगांना?'
'नाही, परवा आलेल्या लॉटमध्ये जास्त.'
'त्या नगांवरचा हीट नंबर वाचून दाखवता का?' (हीट नंबर म्हणजे भट्टीतल्या कुठल्या वितळणीचा नग आहे, तो नंबर. इथं थांबायचं. तो माणूस मशीनपर्यंत चालत जाऊन येईपर्यंत गप्प राहायचं.)
'म्हणजे हार्ड फक्त कडेलाच लागतंय, मधला भाग नीट कापला जातोय, आणि जास्त त्रास परवाच्या लॉटला आहे. बरोबर ना?'
'हां, बरोबर.'

यात तुम्ही चूक कबूल केली नाही आणि नाकारलीही नाही. पण त्या हीटचं इनॉक्युलेशन (ग्राफाइट नीट सुटावं म्हणून ओतण्याआधी घातलेली मिसळ), कार्बन-सिलिकॉन आणि ओतण्याचं तापमान काढून बघायचं, हे तुम्हाला कळलं. त्यालाही त्याच्या साहेबाला सांगायला काहीतरी ठोस मिळालं. समोरचा माणूस स्वतःही कुणाच्या तरी ओरड्याखाली असतो, हे आपण फार लवकर विसरतो.

असं परत सांगणं बाळबोध वाटत असेल, तर विमानवाल्यांकडं बघा. 27 मार्च 1977 ला टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं एकमेकांवर आदळली, 583 माणसं गेली. कारणं अनेक होती, धुकंही होतं. पण एका विमानाला उड्डाणानंतरच्या मार्गाची परवानगी मिळाली होती आणि वैमानिकानं तीच उड्डाणाची परवानगी समजून विमान धावपट्टीवर पळवलं. त्यानंतर रेडिओवर ठरलेलेच शब्द वापरण्याचे आणि सूचना शब्दशः परत म्हणण्याचे नियम कडक झाले.

आपल्याकडं एक अडचण आणखी आहे, ती आपल्या मोकळ्या स्वभावातून येते. गिऱ्हाइकाचं बोलणं पुरं व्हायच्या आत आपण 'काय काळजी करू नका, होतंय की' म्हणून टाकतो. मनापासून म्हणतो, धीर द्यायला म्हणतो. ऐकणारा मात्र त्यात तारीख ऐकतो आणि त्याची लाईन त्या तारखेवर लावतो. नग किती, निघणार कधी, पोचणार कधी, या तिन्हीचं बोलणं झाल्याशिवाय धीर देऊ नका.

आता शॉपवरचं. मालकाच्या मुलानं 'समजलं का?' विचारल्यावर वयानं मोठा मोल्डर (साचे करणारा कामगार) 'नाही' कसा म्हणेल? त्याऐवजी 'मामा, हा कोअर तुम्ही कसा बसवणार, दाखवा जरा' असं म्हणा (कोअर म्हणजे नगात पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवायचा गाभा). तो हातानं दाखवेल आणि घोळ असेल तर तिथंच दिसेल. परप्रांतातून आलेल्या पोरांशी तर नग आणि कोअर हातात घेऊनच बोला, तुमचं हिंदी आणि त्यांचं हिंदी यात पुष्कळ सांडतं.

आणि खालून वर येणारं बोलणं ऐका, हे मला सगळ्यात जास्त कळकळीनं सांगायचंय. पावसाळ्यात सकाळी मोल्डर मुठीत वाळू दाबून म्हणतो, 'आज वाळू ओली लागतीया.' त्याचं ते एक वाक्य हातातलं काम सोडून ऐकण्यासारखं असतं. ओलावा जास्त झाला की वाफ होते, ती निघायला वाट मिळाली नाही की कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे आत पोकळ्या. बहुतेक वेळा ते मशिनिंगला गेल्यावर दिसतात, म्हणजे रिजेक्शन, भाडं आणि बोलणी सगळं आपल्या अंगावर. त्याला 'बघू नंतर' म्हणालात, तर पुढच्या वेळी तो बोलणारच नाही. वाळू लगेच लॅबला पाठवा, आकडा आला की तो त्याला जाऊन सांगा. त्याचा अंदाज चुकला असला तरी सांगा.

फोन ठेवल्यावर त्याच दिवशी चार ओळी लिहून पाठवा: काय ठरलं, किती नग, कुठली तारीख, कुणी काय करायचं. यात अविश्वासाचा प्रश्न नाही, दोघांच्या आठवणीची सोय आहे. कायद्यातही लिहिण्याला वजन आहे. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार मालाबद्दलची हरकत डिलिव्हरीपासून 15 दिवसांत लेखी यावी लागते, नाहीतर माल स्वीकारला असं धरलं जातं. पैशाची मुदत लेखी ठरली असली तरी 45 दिवसांपुढं जात नाही. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) नसेल तर आधी ती करून घ्या.

आता कोर्स. 'संवादात शब्द फक्त 7 टक्के, बाकी आवाज आणि हावभाव' असं सांगणारे बरेच भेटतील. तो आकडा अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 च्या प्रयोगांतून आला. ते प्रयोग भावना आणि आवडीनिवडीपुरते होते, शब्द एक आणि सूर दुसराच असेल तर माणूस कशावर विश्वास ठेवतो, एवढ्याचेच. ड्रॉइंगमधला टॉलरन्स (मापात चालणारा फरक) हावभावांनी कळत नाही. इंग्रजी जरूर सुधारा, ईमेल आणि ऑडिटसाठी लागतं, पण पुण्याच्या त्या साहेबांशी बिनधास्त मराठीत बोला. आणि कोर्सची फी भरण्याआधी एक तास वर्गात बसू देतात का विचारा. तासभर शिकवणाराच बोलत राहिला, तर तिथं पैसे घालू नका. जोड्या लावून एकानं सांगायचं आणि दुसऱ्यानं ते परत सांगायचं, असा सराव करून घेत असतील, तर नाव घाला.