सावत्र भावाला पहिला निरोप कसा लिहावा?

वडील एक, आया दोन. वडील जाऊन नऊ वर्षं झाली आणि तेव्हापासून दोन भावांत एक शब्द नाही. एका रविवारी रात्री धाकट्याने सिनेमा पाहिला, रडला, आणि रात्री एक वाजता थोरल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर भलामोठा मजकूर पाठवला. उत्तर आलं ते एका ओळीचं: "वकिलाशी बोल." तो समुपदेशनाला आला तो हाच प्रश्न घेऊन. "मी मनापासून लिहिलं होतं. चुकलं कुठे?"

असा प्रश्न बरेच जण विचारतात, म्हणून ही हकीकत. माणसं ओळखू येऊ नयेत एवढे तपशील बदलले आहेत.

कुटुंब तमिळ. थोरला पन्नाशीचा, चेन्नईत. धाकटा अडतीसचा, नोकरीनिमित्त मुंबईत, चेंबूरला. धाकट्याची आई म्हणजे वडिलांचं दुसरं घर. तमिळमध्ये त्याला 'चिन्न वीडू' म्हणतात, शब्दशः 'लहान घर'. हा शब्द कुणी तोंडावर उच्चारत नाही, पण गल्लीतल्या प्रत्येकाला तो माहीत असतो.

सिनेमा होता मणिरत्नम यांचा १९८८ सालचा 'अग्नि नक्षत्रम'. एका बड्या अधिकाऱ्याच्या दोन घरांतले दोन मुलगे, पोलिसात असलेला प्रभू आणि धाकटा कार्तिक, समोरासमोर आले की ठिणग्या उडतात. शेवटी वडिलांच्या जिवावर बेततं आणि दोघं मिळून त्यांना वाचवतात. हिंदीत यावरून 'वंश' (१९९२) निघाला. सिनेमा म्हणून तो आजही ताजा वाटतो. पण भावाला फोन करण्याआधी पाहायला तो फार वाईट. त्यात दोघांना एक समान शत्रू मिळतो आणि वडील जिवंत असतात. खऱ्या घरांत शत्रू बाहेरचा नसतो, आणि वडील गेल्यावर भांडण संपत नाही, त्याला कागद फुटतात.

इथेही तेच झालं होतं. वडिलांच्या नावावर स्वकष्टार्जित फ्लॅट, मृत्युपत्र नाही. वडील गेल्यावर थोरल्याने तहसीलदार कार्यालयातून वारस प्रमाणपत्र काढलं. तमिळमध्येही शब्द 'वारिसु'च. त्यात तीन नावं होती: थोरला, त्याची बहीण, त्यांची आई. चौथं नाव नव्हतं. नऊ वर्षांनी इमारतीचा पुनर्विकास निघाला, बिल्डरच्या वकिलाने विचारलं, "आणखी कुणी वारस आहे का?" आणि त्याच आठवड्यात, रात्री एक वाजता, धाकट्याचा गहिवरलेला मजकूर येऊन पडला. थोरल्याने तो कसा वाचला असेल? धाकट्याला पुनर्विकासाचा पत्ताच नव्हता. पण हे थोरल्याला कळायला मार्ग नव्हता.

म्हणून पहिली गोष्ट मजकूर लिहिण्याच्या आधीची: समोरच्या घरात सध्या काय चाललं आहे, एखादा व्यवहार, आजारपण, लग्न, याची एखाद्या तटस्थ नातेवाइकाकडून माहिती काढा. व्यवहार चालू असेल तर पहिल्याच वाक्यात त्याचं नाव घेऊन तो बाजूला ठेवा. आणि रडून झालेल्या रात्री काहीही पाठवू नका. मजकूर वहीत लिहा, मधे दोन रात्री जाऊ द्या, तिसऱ्या दिवशी दुपारी वाचा. निम्मा मजकूर आपणच खोडतो.

धाकट्याचा मूळ मजकूर सहाशे शब्दांच्या आसपास होता. त्यात माफी होती, पण तीन ठिकाणी माफीला 'पण' जोडलेला होता. 'अप्पांनी माझ्या आईला काय दिलं' याचा पाढा होता. आणि सुरुवात होती 'अण्णा', म्हणजे तमिळमधला थोरला भाऊ, अशी.

हा शब्द मराठी कानाला निरुपद्रवी वाटतो. पण दोन घरांच्या कुटुंबात 'अण्णा' म्हणणं म्हणजे नात्यावर हक्क सांगणं. ज्याने नऊ वर्षांपूर्वी तो हक्क नाकारला, त्याला पहिल्याच शब्दात तो ऐकवला की दार लागतं. यावर आम्ही बराच वेळ घालवला. नुसतं नाव लिहिलं तर उद्धट, 'सर' लिहिलं तर टोमणा. शेवटी संबोधनच गाळलं आणि सगळी क्रियापदं आदरार्थी 'नींग'ची, म्हणजे आपल्या 'तुम्ही'ची ठेवली.

नवा मजकूर लिहिण्याआधी त्याला एक काम दिलं. वहीच्या पानावर मधोमध रेघ. डावीकडे थोरल्याने स्वतः माझ्याशी केलेल्या गोष्टी, उजवीकडे आम्हा दोघांना काही विचारलंच गेलं नव्हतं तेव्हाच्या गोष्टी. एकूण चौदा तक्रारी निघाल्या. अकरा उजवीकडे गेल्या, म्हणजे त्या वडिलांबद्दलच्या होत्या. उरलेल्या तिनांतल्या दोन ऐकीव, आईकडून आलेल्या. स्वतःची अशी एकच उरली. ती फ्लॅटची नव्हती.

ती एका पोस्टरची होती. तमिळनाडूत माणूस गेला की गल्लीच्या तोंडाशी 'कण्णीर अंजली'चं पोस्टर लागतं: फोटो, तारीख, खाली शोकाकुल मुलं, सुना, नातवंडं. धाकटा मुंबईहून पोहोचला तेव्हा कोपऱ्यावरच त्याने ते वाचलं. सगळ्यांची नावं होती. त्याचं नव्हतं. चितेला अग्नी थोरल्याने दिला, त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती, वडिलांना थोरल्यानेच द्यायचा असतो. सोळाव्या दिवसाच्या कार्याला मात्र तो गेला नाही, आणि थोरल्याच्या घरात त्याचा अर्थ लागला, 'वडिलांसाठी सोळा दिवस थांबला नाही.'

सावत्र भावांच्या भांडणात हे इतक्या वेळा दिसतं की आता नवल वाटत नाही. प्रत्येक जण आपापल्या आईचा वकील असतो, अशिलाला न विचारता. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी दोघांतला ताण तिसऱ्याच्या खांद्यावर टाकण्याला 'त्रिकोण' म्हटलं. इथे दोन त्रिकोण एकाच भिंतीला टेकलेले. आयांना संभाषणातून बाहेर काढल्याशिवाय भावांना बोलायला विषयच सापडत नाही.

पुन्हा लिहायला साडेतीन महिने थांबलो. मूळ तमिळ मजकुराचा मराठी अर्थ असा:

"मागचा मजकूर रात्री भावनेच्या भरात लिहिला, तुम्हाला त्रास झाला असेल, माफ करा. पुनर्विकासाचं मला तेव्हा माहीत नव्हतं. त्याचं बोलणं माझा वकील तुमच्या वकिलाशी करेल, मी इथे ते काढणार नाही. सोळाव्याला मी थांबलो नाही, ती माझी चूक. तुम्हाला वाटलं तर एकदा चहाला भेटू. उत्तर दिलं नाही तरी चालेल."

सहा वाक्यं. 'पण' एकही नाही. पोस्टरचा उल्लेख नाही, कारण पहिल्या निरोपात आरोप आला की समोरचा फक्त त्याचंच उत्तर देतो. निरोप थेट त्याच्या नंबरवर, बहिणीमार्फत नाही आणि कुटुंबाच्या ग्रुपवर तर नाहीच. आवाजी निरोपही नको, तो चार जणांना ऐकवला जातो आणि आवाजातला कंप ज्याला हवा तसा ऐकू येतो.

नंतर वाट पाहायची. निळ्या खुणा मोजायच्या नाहीत. तीन आठवड्यांत काही आलं नाही तर पोंगलसारख्या सणाला एका ओळीची शुभेच्छा, तीही वर्षातून दोनदाच. इथे उत्तर सतराव्या दिवशी आलं: "चेन्नईला आलास की सांग."

मालमत्तेची वाट वेगळी ठेवली ती नुसती लिहिण्यापुरती नव्हे. कायदा थोडक्यात असा: हिंदू विवाह कायद्यानुसार पहिलं लग्न कायम असताना केलेलं दुसरं लग्न रद्दबातल असतं, पण त्याच कायद्याच्या कलम १६ प्रमाणे त्यातली मुलं औरस मानली जातात आणि आईवडिलांच्या मालमत्तेत त्यांना हक्क असतो. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेतही वडिलांच्या वाट्याला येणाऱ्या हिश्श्यापर्यंत तो पोहोचतो, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं. या फ्लॅटमध्ये चार समान हिस्से होत होते: पहिली पत्नी, तिची दोन मुलं आणि धाकटा. त्याच्या आईला काही नाही. हे त्याला समुपदेशकाने नव्हे, वकिलाने सांगायला हवं होतं आणि वकिलानेच सांगितलं. दोन्ही वकिलांनी प्रकरण मध्यस्थीला नेलं. न्यायालयाशी जोडलेलं देशातलं पहिलं मध्यस्थी केंद्र मद्रास उच्च न्यायालयातच, २००५ साली सुरू झालेलं, त्यामुळे तिथल्या वकिलांना ही वाट सवयीची.

पहिली भेट टिफिनच्या हॉटेलात, सकाळी साडेनऊला, पंचेचाळीस मिनिटांची ठरवून. घरी नाही, कारण घरात भिंतीवर वडिलांचा फोटो असतो आणि स्वयंपाकघरात आई. बायका सोबत नाहीत. निघायची वेळ आधीच सांगितलेली, म्हणजे कुणी मधेच उठलं तरी तो अपमान ठरत नाही. पहिली वीस मिनिटं इडली, मुलांच्या शाळा, मुंबईचा पाऊस. हे वाया गेलं असं धाकट्याला वाटलं. वाया गेलं नव्हतं. कॉफीच्या वेळी पोस्टरचा विषय थोरल्यानेच काढला. म्हणाला, "आई दारात बसली होती. तिच्यासमोर तुझं नाव कसं लिहिणार होतो?"

याला माफी म्हणता येणार नाही. धाकटा त्यावर काही बोलला नाही, एवढीच तयारी आम्ही करून घेतली होती: उत्तर सुचलं तरी एक घोट कॉफी पिऊन होईपर्यंत द्यायचं नाही. घोट संपेपर्यंत थोरल्याने बिल मागवलं होतं.

हे सगळीकडे लागू नाही. मारहाण, धमक्या, चालू फौजदारी खटला किंवा दारूचं व्यसन असेल तर निरोप पाठवू नये, आधी वकील किंवा डॉक्टर.

आज दोघांचं येणंजाणं नाही. आयांना सगळं सांगितलेलं नाही. फ्लॅटच्या कागदांवर चार सह्या झाल्या. या वर्षी धाकट्याने वडिलांच्या श्राद्धाची तयारी इंग्रजी तारखेप्रमाणे चालवली होती, नऊ वर्षं तो तसंच करत आला होता, आणि आदल्या आठवड्यात थोरल्याचा निरोप आला: "तारीख नाही, तिथी बघायची. आवणी महिना, तेय्पिरै पंचमी." म्हणजे आपली वद्य पंचमी. खाली पंचांगाच्या पानाचा फोटो, त्या दिवसाभोवती पेनने केलेला गोल.