बागेत रोज जातो, बघत बघत तीन फेऱ्या मारतो, पण कावळे-कबुतरं सोडून काहीच दिसत नाही. पक्षी बघायला सुरुवात कशी करू? दुर्बीण घ्यावी का?

दुर्बिणीचं नंतर बघू, आधी चालणं थांबवा. तुम्ही लिहिलंय की बागेच्या तीन फेऱ्या मारता आणि बघत बघत जाता, तिथेच घोळ होतोय. मीपण पहिले दोनेक महिने असाच फिरलो आणि हाती काही लागलं नाही. मग पाय मुरगळला म्हणून आठवडाभर एकाच बाकावर बसून राहावं लागलं, आणि त्या आठवड्यात जेवढं दिसलं तेवढं आधी कधीच दिसलं नव्हतं.

तर एक जागा पकडा. वड, पिंपळ, उंबर असं फळांचं झाड समोर असेल तर सोन्याहून पिवळं. उजाडल्यावर पहिल्या तासात जा आणि निदान वीस मिनिटं मोबाईल खिशात ठेवून नुसते बसा. सुरुवातीला सगळं गप्प वाटतं कारण तुम्ही आलात म्हणून पक्षी गप्प झालेले असतात, दहा-बारा मिनिटांनी ज्याचा त्याचा उद्योग परत सुरू होतो.

आणि डोळ्यांच्या आधी कान लावा. खार शेपटी झटकत एकसारखं चिक् चिक् चिक् करायला लागली की ती उगाच ओरडत नसते, मांजर तरी आलेलं असतं नाहीतर शिक्रा, म्हणजे छोटा शिकारी पक्षी. खार जिकडे तोंड करून ओरडतेय तिकडे बघायचं. मला पहिला शिक्रा असाच दिसला. कबुतराएवढा पक्षी, वरून राखाडी, छातीवर तांबूस आडव्या रेघा, डोक्यावरच्या फांदीवर बसलेला, आणि खालून वीस-पंचवीस माणसं चालत गेली पण एकानेही मान वर केली नाही. बुलबुल, साळुंक्या सगळे मिळून त्याच्यावर ओरडत होते. कधीकधी शिक्रा म्हणून बघायला जावं तर पावशा निघतो, तो दिसायला इतका शिक्र्यासारखा आहे की बारके पक्षीही फसतात.

दुसरी गोष्ट म्हणजे वाळक्या फांद्या बघा. टुक टुक टुक असा भांडी ठोकल्यासारखा आवाज तुम्ही शंभरदा ऐकला असणार, तो तांबट. चिमणीएवढा हिरवा पक्षी, कपाळ लाल, गळा पिवळा. मिनिटाला शंभराच्या वर टुक टुक करतो आणि तेही चोच बंद ठेवून, नुसता गळा फुगतो. आवाज काढताना डोकं इकडे तिकडे फिरवत राहतो त्यामुळे नक्की कुठे बसलाय ते लवकर सापडतच नाही. घरटं करतो ते वाळलेल्या फांदीला खालच्या बाजूने गोल भोक पाडून, आणि नर-मादी दोघंही खपतात. एका वर्षी मी अशी एक जोडी रोज बघत होतो, फांदीत डोकं घालून भुसा बाहेर टाकायचे. एका सकाळी गेलो तर छाटणीवाल्यांनी ती फांदी कापून खाली रचून ठेवली होती. पायवाटेवर वाळकी फांदी नको हे मला पटतं, पण ही पार कोपऱ्यात होती, तिच्याखाली कोणी फिरकतसुद्धा नव्हतं. तेव्हापासून छाटणी दिसली की मी जाऊन सांगतो, हे बघा इथे भोक आहे, ही तेवढी राहू द्या. बहुतेक वेळा ऐकतात हो, कोणी सांगितलेलंच नसतं त्यांना.

पाणी असेल तर काठावरचं मातकट ढेकूळ नीट निरखून बघा. तो ढोकरी बगळा असतो, उडाला की एकदम पांढरेशुभ्र पंख उघडतात आणि आपण चकित होतो. फुलझाडांवर चिमुकला शिंजीर पक्षी, झुडपात शेपटीचा पंखा करून नाचणारा नाचण, हे हळूहळू दिसायला लागतील.

आता दुर्बीण. महिनाभर असं बसून झालं आणि तरी हुरूप टिकला तर ८ बाय ४२ घ्या. ८ म्हणजे आठपट मोठं दिसतं, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये, म्हणजे कमी उजेडातही बऱ्यापैकी दिसतं. वीसपटवाली घेऊ नका, हात हलला की सगळंच हलतं. आवाज ओळखायला मर्लिन ॲप चांगलं आहे, पण त्यातले आवाज मोठ्याने वाजवून पक्ष्यांना बोलावू नका, त्यांना वाटतं आपल्या हद्दीत कोणी घुसलंय आणि सगळं सोडून ते भांडायला येतात. घरट्याच्या जवळ फोटोसाठी जाऊ नका, ही एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो.

आणि एकदा संध्याकाळीही जा. जुन्या झाडाच्या ढोलीखाली बुंध्यावर पांढरे ओघळ दिसले तर तिथेच थांबा, उजेड कमी झाला की ढोलीच्या तोंडाशी पिंगळा, म्हणजे छोटं घुबड, येऊन बसेल आणि मान खालीवर करत तुमच्याकडे टक लावून बघेल.