लिमिटर बायपास करू नका, आधी टेअर बघा

"क्रेन १० टनी, वायरलेस लोड सेलच्या डिस्प्लेवर ९.४ टन, तरी लिमिटर ट्रिप होतो. एका उचलीपुरता बायपास केला तर चालेल का?" हा तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. (लोड सेल म्हणजे हुकाखाली लटकून भार मोजणारं साधन, लिमिटर म्हणजे भार जास्त झाला की क्रेनची उचल थांबवणारी सुरक्षा यंत्रणा.) चालणार नाही. क्रेन मी पाहिलेली नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या मॅन्युअलचा आणि क्रेन तपासणाऱ्या सक्षम व्यक्तीचा. पण लिहिलंय त्यावरून लिमिटर खरं बोलतोय असंच वाटतं.

स्प्रेडर बीम (भार पसरवणारा आडवा दांडा) आणि स्लिंग (उचलायचे दोर किंवा पट्टे) अडकवून झाल्यावर डिस्प्ले शून्य केला, असं तुम्हीच म्हणता. मेख तिथेच आहे. लटकलेलं वजन आकड्यातून असं वजा करणं म्हणजे टेअर. समजा बीम ९०० किलो, स्लिंग आणि शॅकल (जोडणाऱ्या पिनवाल्या कड्या) मिळून १५०. बटण दाबलं की हे १०५० किलो आकड्यातून गेले, हुकावरून नाही. ९.४ हा नुसता जॉब, म्हणजे उचलायची वस्तू. हुकावर १०.४५ टन, शिवाय सेल आणि त्याला हुकात धरणारा वरचा शॅकल यांचं वजन. ते आकड्यात कधीच येत नाही, कारण सेल स्वतःच्या खाली लटकलेलंच मोजतो. "१२५ टक्क्यांवर प्रूफ लोड टेस्ट झालीय" हे उत्तर कुणी दिलं तर ऐकू नका. ती मुद्दाम जादा भार लावून घेतलेली चाचणी, रोजच्या उचलीची परवानगी नव्हे.

वायरलेस सेलवरची मला सगळ्यात महाग पडलेली चूक हीच, म्हणून जरा सविस्तर लिहितो. टेअर केलं की बऱ्याच डिस्प्लेवर कोपऱ्यात बारीक अक्षरात 'नेट' (वजाबाकीनंतरचं वजन) येतं. उन्हात, हातमोजे घालून, आठ-दहा मीटर वर बघत काम करणाऱ्याला ते दिसत नाही. झीरो केलं तर काही मॉडेलवर तेवढीही खूण राहत नाही. काही सेल सुरू होतानाच स्वतःला शून्य करतात, म्हणजे भार लटकलेला असताना बॅटरी बदलली की पुढचा प्रत्येक आकडा खोटा. तुमचं मॉडेल काय करतं ते ओळखीचं वजन लटकवून, सेल बंद-चालू करून एकदा बघाच. ओव्हरलोड अलार्म नेटवर लागतो की ग्रॉसवर (एकूण भारावर), तेही त्याच वेळी तपासा.

शिस्त एकच: सेल हुकाला लावा, खाली काहीही नसताना झीरो करा, मग बीम अडकवा. डिस्प्लेवर बीमचं वजन आलं पाहिजे. ते ड्रॉइंगवरच्या वजनाशी जुळलं तर पुढे जा, नाही जुळलं तर थांबा. बीमचं वजन त्याच्यावरच रंगवून ठेवा. जॉबचं वजन हवं असेल तर कागदावर वजाबाकी करा. टेअरचं बटण उचलीच्या कामात वापरूच नये, या मताचा मी आहे. काहींना ते पटत नाही, पण माझं मत बदललेलं नाही.

रेडिओचं थोडक्यात. सिग्नल तुटल्यावर डिस्प्ले रेघा दाखवतो की शेवटचाच आकडा धरून ठेवतो, हे जमिनीवर सेल बंद करून बघा. शेवटचा आकडा धरणारा डिस्प्ले मी तरी वापरणार नाही. शेजारच्या बे-मध्ये तसाच सेट असेल तर जोडणीचा आयडी ताडून घ्या. आणि जॉबच्या बेस प्लेटचा एखादा बोल्ट काढायचा राहून गेला असेल तर ताण झपाट्याने वाढतो आणि डिस्प्लेचा आकडा त्याच्या मागून येतो. म्हणून इंचिंगने (थोडं-थोडं थांबत) ताण घ्या, आकडा अपेक्षित वजनाच्या पुढे गेला की लगेच थांबा.

स्लिंगचा कोनही बघा. हुकावरचा सेल स्लिंगच्या एकेका पायातला ताण सांगत नाही. दोन पाय आडव्याशी ३० अंशांत असतील तर १० टनांच्या जॉबला प्रत्येक पायावर १० टन येतात. ६० अंशांत तेच ५.८ पर्यंत.

आता कॅलिब्रेशन, आणि इथे चीड येते. एका प्रयोगशाळेने (नाव घेत नाही) १० टनी सेल फक्त २ टनांपर्यंत तपासून 'समाधानकारक' शिक्का मारला. फोनवर उत्तर काय, तर "आमच्याकडे तेवढीच सोय आहे." मग आधी सांगा ना! सर्टिफिकेट हातात आलं की पहिलं पान सोडून तक्ता उघडा. पूर्ण क्षमतेपर्यंत निदान पाच टप्पे, चढता आणि उतरता भार, आणि एकक. १० टन म्हणजे ९८.१ किलोन्यूटन. किलोन्यूटनचा आकडा टनांत वाचला तर किंवा उलटं केलं तर काय होईल ते सांगायला नको.

शिवाय कॅलिब्रेशनमधून आकडा बरोबर असल्याचं कळतं, पोलाद शाबूत असल्याचं नाही. सेल भाराच्या वाटेत लटकतो, म्हणून मी त्याला शॅकलइतकंच लिफ्टिंग टॅकल मानतो. १९४८च्या कारखाने कायद्याच्या कलम २९ मध्ये अशा साहित्याची बारा महिन्यांतून निदान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी घातलेली होती. तुमच्या रजिस्टरमध्ये सेलचा नंबर आहे का बघा, बहुतेक ठिकाणी नसतो. भोकाची कड लांबट झालेली, वेल्ड केलेला किंवा एकदा ओव्हरलोड झालेला सेल आकडा बरोबर दाखवत असला तरी बाजूला काढा. पिनही निर्मात्याने सांगितलेल्या मापाचीच हवी. बारीक पिन टाकली की भार एका कडेवर येतो आणि आकडाही बिघडतो.

आज एवढं करा: सगळं उतरवून रिकाम्या सेलवर झीरो करा, बीम आणि स्लिंग लावा, आणि डिस्प्लेवर किती येतं ते इथे लिहा. तोवर लिमिटरच्या पॅनेलला कुणी हात लावू नये.