पिटिशन चालू असताना नवऱ्याकडे जाऊन येणं

तू ताई म्हणून विचारलंस, म्हणून मीही मोकळेपणी लिहिते. तुझं लग्न फेब्रुवारीत झालं, नवरा अमेरिकन नागरिक आहे, त्याने एप्रिलमध्ये आय-१३० भरला, म्हणजे तुला कायमचं तिकडे नेण्यासाठीचं पिटिशन. तू हिंजवडीला नोकरी करतेस आणि कंपनीच्या कामासाठी काढलेल्या बी-१/बी-२ या व्हिजिटर व्हिसाची अजून चार वर्षं शिल्लक आहेत. दिवाळीत दोन महिने त्याच्याकडे जाऊन यावं का, आणि जमलं तर तिथेच राहून ग्रीन कार्डचं पुढचं उरकावं का, असं तू विचारतेस.

जाऊन जरूर ये. तिथेच राहायचा विचार मात्र आत्ताच सोडून दे.

पिटिशन भरलं की व्हिजिटर व्हिसा बाद होतो असं खूपजण सांगतात. तसं काही नाही. पण येणाऱ्याला कायमचंच राहायचंय असं अमेरिकेचा कायदा आधी धरून चालतो. आपण परत जाणार हे आपणच पटवून द्यायचं असतं. त्यात तुझ्या नावावर पिटिशन, म्हणजे तुला तिकडे राहायचंय हे कागदोपत्रीच आहे. ते लपवायचं कारण नाही. पुढे राहायला येणार आहे, पण या खेपेला परत जाणार आहे, एवढं तुला दाखवता आलं पाहिजे. व्हिसा हातात असला तरी आत सोडायचं की नाही हे विमानतळावरचा ऑफिसर ठरवतो.

मी कोथरूडहून अशीच पाच आठवड्यांसाठी गेले होते. सासूबाईंनी हौसेने पोळपाट-लाटणं दिलं होतं, आणि डिग्रीची मूळ सर्टिफिकेटं मी स्वतः फाइलला लावून घेतली होती, नाहीतरी पुढे लागणारच म्हणून. मला बाजूच्या खोलीत नेऊन बॅग उघडायला लावली. ऑफिसरने फाइलचं एकेक प्लॅस्टिकचं पान उलटलं, शेवटच्या वर्षाच्या मार्कशीटवर बोट ठेवलं आणि विचारलं, 'भेटायला आलात ना, मग हे कशाला?' माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. मग होतं तेच सांगितलं: पिटिशन चालू आहे, इमिग्रंट व्हिसाची मुलाखत मुंबईला द्यायची आहे, अमुक सोमवारी ऑफिसला रुजू व्हायचं आहे. परतीचं तिकीट आणि रजेचं पत्र पुढे केलं. दोन तासांनी सोडलं. ते दोन तास बाहेर नवरा उभा आणि आत माझा फोन बंद, हे तुझ्या वाट्याला येऊ नये असं मनापासून वाटतं.

त्याआधी पुण्यातल्याच एका एजंटाने मला सल्ला दिला होता, 'फिरायला आले म्हणा, नंतर तिथेच ग्रीन कार्डचा अर्ज टाका.' हे कधीच करू नकोस. नागरिकाच्या बायकोला तिथून अर्ज करता येतो हे खरं, पण राहायचं आधीच ठरवून व्हिजिटर म्हणून आत शिरणं म्हणजे ऑफिसरला खोटं सांगणं. ते खोटं सिद्ध झालं तर प्रवेशबंदी कायमची असते, आणि ती माफ करून घ्यायला वेगळा अर्ज करून झगडावं लागतं. 'कशाला आलात?' याला 'नवऱ्याला भेटायला' हेच उत्तर दे.

आत गेल्यावर आय-९४, म्हणजे तुझ्या प्रवेशाची नोंद, उघडून बघ. राहायची मुदत त्यात असते, व्हिसावरच्या तारखेवर जाऊ नकोस. सहसा सहा महिने देतात, पण तू दोन म्हणाली असशील तर दोन महिन्यांत निघ. मुदत संपल्यावर १८० दिवसांहून जास्त राहून मग बाहेर पडलं तर ३ वर्षं, वर्ष किंवा त्याहून जास्त राहिलं तर १० वर्षं परत येता येत नाही. ऑफिसचा लॅपटॉप नेऊ नकोस, सरळ रजा टाक. तो व्हिसा नोकरी करण्यासाठी नाही. प्रवासाचा आरोग्य विमा इथूनच काढ.

तुझ्या मैत्रिणीकडे व्हिसाच नाही म्हणालीस. तिचं जरा अवघड आहे. तुमच्यासाठी कोणी इमिग्रंट पिटिशन भरलंय का, हे व्हिजिटर व्हिसाच्या डीएस-१६० या अर्जात थेट विचारतात. तिथे 'हो'च लिहायचं. व्हिसा नाकारण्याची शक्यता बरीच, पण तेवढ्याने मूळ पिटिशनला धक्का लागत नाही. तिच्या नवऱ्यानेच पुण्याला चक्कर मारणं जास्त सोपं.

तुझ्या भेटीने फाइल मागेही पडत नाही आणि पुढेही सरकत नाही. बोर्डिंग पास आणि दोघांचे फोटो मात्र जपून ठेव, संसार खरा आहे हे दाखवायला मुलाखतीत उपयोगी पडतात. पोलीस क्लिअरन्ससाठी मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात जावं लागेल, मेडिकल मुंबईला. ती धावपळ आल्यावर.

परतीचं तिकीट जातानाच काढ. रजेचं पत्र कंपनीच्या लेटरहेडवर घे, त्यात रुजू व्हायची तारीख हवीच, आणि ते हँडबॅगेत ठेव. मूळ सर्टिफिकेटं आईच्या कपाटात राहू देत. सासूबाई पोळपाट-लाटणं देतील तर इमिग्रंट व्हिसा आल्यावर नक्की नेते म्हणून सांग.